आंबिया बहाराची संत्री आणि डिसेंबरातले चॉकलेट

बेल्जियममध्ये ६ डिसेंबर हा लहान मुलांचा दिवस असतो. सेंट निकोलस, ज्यांना तेथे सिंटरक्लास म्हणतात, ते आदल्या रात्री येऊन मुलांनी मांडून ठेवलेल्या बुटांपाशी खाऊ ठेवून जातात, अशी श्रद्धा आहे. त्या खाऊत चॉकलेटच्या आकृत्या आणि मसालेदार बिस्किटे असतातच, शिवाय मँडरिन जातीची लहान संत्रीही असतात. गेंट शहरात राहायला आल्यावर मी हे पहिल्यांदा पाहिले, तेव्हा मला फार आनंद झाला, कारण आपले नागपुरी संत्रेही मँडरिन गटातलेच आहे. येथील चॉकलेटच्या दुकानांत पाकात मुरवलेल्या संत्र्याच्या सालीच्या काड्या गडद चॉकलेटमध्ये बुडवून विकतात. त्यांना ओरांजेट म्हणतात आणि हिवाळ्यात त्यांना चांगली मागणी असते.

या देशाचे चॉकलेट जगभर नावाजलेले आहे. १९१२ मध्ये ब्रुसेल्सच्या जाँ नॉयहाउस यांनी आत मऊ सारण भरलेले चॉकलेट प्रथम तयार केले, ते आज तेथील प्रत्येक दुकानात दिसते. तरीही कोकोच्या बिया प्रामुख्याने पश्चिम आफ्रिकेतून येतात आणि मँडरिन बहुतांशी स्पेनमधून. आपल्या विदर्भातल्या वरूड-मोर्शीत आणि काटोल-नरखेडात मात्र फळ झाडावरच लगडलेले असते, म्हणून या हिवाळ्यात गावी आल्यावर संत्र्याच्या ताज्या फोडी चॉकलेटमध्ये बुडवून आमच्या घरी करायच्या, हे मी आधीच ठरवले होते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट हंगामाची आहे. चॉकलेटमधील कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सियसला वितळते आणि म्हणूनच चॉकलेट जिभेवर ठेवताच विरघळते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा चॉकलेट लावलेले फळ ताटात टिकणारच नाही. परंतु आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीच्या फुलोऱ्याची, संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तोडणीला येतात आणि नेमके तेव्हाच आपल्या घरांत गारवा असतो. गेंटच्या घरात हीटर लावून जेवढी ऊब मिळते, तेवढी डिसेंबरच्या संध्याकाळी आमच्या गावच्या स्वयंपाकघरात आपोआप असते, आणि तेवढ्या तापमानाला चॉकलेट घट्ट होते. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची, फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. त्यांच्यासाठी फेब्रुवारीचा पहिला पंधरवडाच गाठावा.

संत्री फार मोठी नसली तरी चालतात. व्यापारी बाजूला काढतात ती चुरीची संत्री या कामासाठी उत्तम, कारण त्यांची फोड एका घासात बसते. साल काढल्यावर फोडी हलक्या हाताने सुट्या कराव्यात आणि पांढरे धागे जमतील तेवढे काढून टाकावेत, मात्र वरचा पापुद्रा अजिबात फाटू देऊ नये. नंतर सर्व फोडी स्वच्छ सुती कापडावर एकमेकींना न चिकटवता पसराव्यात आणि पंख्याखाली तासभर, शक्य असल्यास दोन तास, सुकू द्याव्यात. पापुद्रा बोटाला कागदासारखा कोरडा लागला की फोड तयार झाली असे समजावे. रस पाझरत असलेल्या फोडीवर चॉकलेट धरत नाही, ते घसरून खाली येते. नागपुरी संत्र्यात बिया असतात आणि त्या काढायला गेले की पापुद्रा फाटतोच, म्हणून मी त्या तशाच राहू देतो आणि मुलांना आधी सांगून ठेवतो. अगदी लहान मुलांना मात्र बिया काढलेली साधी फोडच द्यावी.

चॉकलेट विकत घेताना वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. त्यात कोको बटर लिहिलेले असेल तर ते खरे चॉकलेट; त्याऐवजी वनस्पती तेल किंवा हायड्रोजनेटेड फॅट असेल तर ते कंपाउंड. तालुक्याच्या ठिकाणी केकचे सामान विकणाऱ्या दुकानात बहुधा कंपाउंडच्याच लाद्या मिळतात. कंपाउंड वितळवून सरळ लावता येते आणि ते लवकर घट्ट होते, पण खाल्ल्यावर टाळूवर मेणचट थर राहतो. माझे स्पष्ट मत असे आहे की संत्र्याला खरे आणि गडद चॉकलेटच न्याय देते, कारण फळाच्या आंबटगोड रसाला कोकोचा कडवटपणा हवा असतो. दुधाच्या चॉकलेटने सगळेच गोड होऊन जाते. चार लहान संत्र्यांच्या अर्धवट बुडवलेल्या फोडींसाठी २०० ग्रॅम चॉकलेट पुरते.

ते वितळवण्यासाठी एका गंजात थोडे पाणी गरम करून गॅस अगदी मंद करावा आणि त्यावर पाण्याला टेकणार नाही असे कोरडे पातेले ठेवावे. चॉकलेट बारीक चिरून त्यातील दोन भाग पातेल्यात घालावेत आणि एक भाग बाजूला राखावा. येथे पाण्याचा एक थेंबही घातक असतो: चॉकलेटमधील साखर आणि कोकोचे कण त्या ओलाव्याने एकमेकांना चिकटतात आणि सबंध मिश्रण गोळा होऊन बसते. तसे झाल्यास ते फोडींना लावता येत नाही. गरम दूध घालून मुलांना प्यायला द्यावे.

चॉकलेट पूर्ण वितळले की पातेले खाली उतरवून तळ पुसावा, राखून ठेवलेला भाग त्यात घालावा आणि तो विरघळेपर्यंत सावकाश ढवळत राहावे. यामागे कारण आहे. कोको बटर वेगवेगळ्या प्रकारचे स्फटिक बनवते आणि त्यांपैकी एकाच प्रकाराने चॉकलेटला चमक येते व ते चावताना कटकन तुटते. नंतर घातलेल्या तुकड्यांत ते योग्य स्फटिक आधीपासूनच असतात आणि उरलेले मिश्रणही त्याच वळणावर जाते. गडद चॉकलेट ३१ ते ३२ अंशांवर लावायला योग्य होते. घरी थर्मामीटर नसेल तर थेंबभर चॉकलेट खालच्या ओठाला लावून पाहावे; ते किंचित थंड लागले पाहिजे. ही खूण मला गेंटमधील शेजारच्या आजींनी शिकवली आणि ती मला नेहमी उपयोगी पडली आहे.

ही पायरी गाळली तर दुसऱ्या दिवशी चॉकलेटवर राखाडी-पांढरे डाग उमटतात. गावच्या दुकानात उन्हात राहिलेल्या चॉकलेटवरही असाच पांढरा थर येतो आणि बुरशी समजून लोक ते टाकून देतात. प्रत्यक्षात ते वर आलेले कोको बटर असते आणि खाण्यास अपायकारक नसते.

फोड एका टोकाला धरून अर्धी बुडवावी, जास्तीचे चॉकलेट निथळू द्यावे आणि बटर पेपर पसरलेल्या ताटात ठेवावी. वरून भाजलेल्या तिळाची चिमूट घातल्यास फार छान लागते. आमच्या काकूंना हा प्रकार आधी मुळीच पटला नव्हता. “संत्र गोडच हाय, त्याले अजून काय लावतं?” असे त्या म्हणाल्या, पण पहिल्या फोडीनंतर ताट आपल्याकडे ओढून फोडी बुडवण्याचे काम त्यांनी स्वतःच हाती घेतले, आणि त्यांचा हात माझ्यापेक्षा नेटका निघाला.

इतर फळांबद्दल थोडक्यात सांगतो. चिखलदऱ्याची स्ट्रॉबेरी देठासह बुडवावी, केळ्याचे काप त्याच वेळी खाऊन संपवावेत, आणि आवळ्याची सुकी कँडी तर या कामासाठीच जन्मली आहे असे वाटते. सीताफळ फार ओले असते, त्याच्या वाटेला जाऊ नये. ताज्या फळाचे हे सर्व प्रकार त्याच दिवशी संपवावेत.

टिकाऊ हवे असेल तर ओरांजेटच करावे. सालीच्या बोटभर लांब काड्या कापून त्या पाण्यात उकळाव्यात आणि ते पाणी ओतून द्यावे. असे दोन-तीनदा केल्यावर कडवटपणा उतरतो. मग सालीच्या वजनाइतकी साखर आणि काड्या बुडतील एवढे पाणी घालून, काड्या पारदर्शक दिसू लागेपर्यंत मंद आचेवर शिजवाव्यात आणि जाळीवर रात्रभर सुकवून दुसऱ्या दिवशी चॉकलेटमध्ये बुडवाव्यात. आपल्या संत्र्याची साल पातळ असल्याने ती लवकर शिजते, म्हणून पातेल्यापाशीच उभे राहावे. तयार काड्या घट्ट झाकणाच्या डब्यात, प्रत्येक थरामध्ये बटर पेपर घालून, कोनाड्यात किंवा कपाटात ठेवाव्यात. फ्रिजमध्ये ठेवल्यास बाहेर काढताच त्यांना दव सुटते आणि चॉकलेटची चमक जाते.