चामडं, पुठ्ठा आणि मैद्याची खळ

माझ्या वह्यांच्या चामडी पाठी बघून लोक विचारतात, "गम कुठला?" मैदा, असं सांगितलं की त्यांना वाटतं मी टाळतेय. पण खरंच मैदाच. किलोभर फेविकॉलच्या पैशांत चार-पाच किलो येतो, आणि त्यात अख्ख्या मोसमाचं बायंडिंग निघतं.

'सगळ्यात मजबूत' गमाच्या मागे लागण्याआधी एक करून बघा. चामड्याची दोन बोटं रुंद पट्टी पुठ्ठ्यावर चिकटवा, दुसऱ्या दिवशी ओढा. पट्टीबरोबर पुठ्ठ्याचा पापुद्रा उचकटून आला, तर गम पुठ्ठ्यापेक्षा मजबूत आहे. त्याहून तगड्या गमाचे पैसे द्यायचे कशाला? माझ्या राखाडी पुठ्ठ्यावर नीट शिजलेली खळही या परीक्षेत पास होते.

चांभाराकडचं सोल्यूशन चपलेला उत्तम. दोन्हीकडे लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग दाबलं की पकडलंच. नेमकी तीच अडचण. पाठीवर चामडं ताणून, सरकवून बसवावं लागतं; इथे एकदा टेकलं की सरकवायला वाव नाही. शिवाय त्याच्या वासाने बंद खोलीत डोकं धरतं.

पांढरं फेविकॉल चांगलं, पण सुकतं भराभर. म्हणून मी पुठ्ठ्यावर त्याचा पातळ हात देते आणि चामड्याला खळ लावते. एक वाटी मैदा, सहा वाट्या पाणी. आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडायच्या, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढुरकेपणा जाऊन खळ काचेसारखी झाली की उतरवायची आणि गार झाल्यावर फडक्यातून गाळायची. जुने बायंडर कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायचे. तो विषारी, म्हणून मी लवंगेच्या तेलाचे दोन थेंब टाकते आणि डबा फ्रिजमध्ये ठेवते. डब्यावर 'खाऊ नये' लिहिलंय. सासूबाईंनी एकदा झाकण उघडून वास घेतला होता.

चामड्याच्या कडा आधी रापीने, म्हणजे चांभाराच्या चामडं तासायच्या पात्याने, कागदाइतक्या पातळ करायच्या. आतल्या बाजूला खळ चोळायची, ओली बाजू ओल्या बाजूवर घडी घालून दहा मिनिटं ठेवायचं. पहिला हात चामडं पिऊन टाकतं. दुसरा हात द्यायचा, तोच चिकटवतो. भिजलेलं चामडं कोपऱ्यावर चुण्या घेत गुमान वळतं. मात्र बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं ओलं असताना त्याला साधं लोखंड लावू नका. काळा डाग पडतो, तो सहजासहजी निघत नाही. माझा ब्रश म्हणूनच पत्र्याच्या पट्टीऐवजी दोऱ्याने बांधलेला आहे.

शिकंज्यात, म्हणजे वही दाबून ठेवायच्या चापात, फार आवळू नये, चामड्याचा दाणा (वरचा खरबरीत पोत) सपाट होतो. मधले रद्दी कागद तासाभराने बदलायचे. सुकताना पुठ्ठा चामड्याच्या बाजूला वाकतो, त्यामुळे आतून त्याच खळीने कागद लावायचा. दोन्हीकडची ओढ सारखी झाली की तो सरळ राहतो.

रेक्झिन किंवा वरून प्लास्टिकचा थर दिलेलं चकचकीत चामडं असेल तर दुमडलेली कड कडेवर चिकटवताना खळ हरते. तिथला चकाकता थर पॉलिशपेपरने खरवडून तेवढ्यापुरतं सोल्यूशन वापरा, खिडकी उघडी ठेवून.