कळसूबाई चढलो, पण उतरायला लिफ्ट नव्हती

सोमवारी सकाळी वजनकाट्यावर उभा राहिलो तर आकडा ९०.१. शनिवारी संध्याकाळी, सॅक भरून निघण्याआधी, हाच काटा ८८.६ दाखवत होता. मधल्या दीड दिवसात मी कळसूबाई चढून उतरलो होतो, टी-शर्ट दोनदा पिळला होता, आणि आता घराचा जिना कठड्याला धरून, तोंड भिंतीकडे करून, खेकड्यासारखा उतरत होतो. एवढं करून दीड किलो जास्त! बायकोने काट्याखालची फरशी बदलून बघितली. आकडा तोच.

तेव्हा आधीच सांगतो, हे मी अजून थोडा चिडलेला असतानाच लिहितोय. 'अरे, कळसूबाई कुणीही करतं, शिड्या आहेत, रेलिंग आहे' असं मला किमान सहा जणांनी सांगितलं होतं. शिड्या आहेत, रेलिंगही आहे. सहापैकी एकानेही उतरणीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मी भांडुपला राहतो, वय ४३. जुलैमध्ये कंपनीच्या तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी, ६.१ आलं. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्याची पट्टी, म्हणजे मी ऐन उंबरठ्यात बसलेलो. वजन ९४. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, रोज चाला. जिमचे वर्षाचे पैसे मी याआधी दोनदा भरलेत आणि दोन्ही वेळा तिसऱ्या आठवड्यात पावसाने, सर्दीने किंवा लोकलने मला वाचवलंय. यावेळी ऑफिसातल्या तिघांनी ऑक्टोबरमधला कळसूबाईचा रविवार ठरवला आणि मी हो म्हणून बसलो. मागे राहिलो असतो तर वर्षभर जेवणाच्या सुट्टीत ऐकावं लागलं असतं. एवढ्या एका भीतीवर बारा आठवडे निघाले. डायटिशियनला जे जमलं नव्हतं ते या भीतीने केलं: साडेपाच किलो.

तयारी काय केली? आमची बिल्डिंग १४ मजल्यांची. रोज सकाळी सहा फेऱ्या. वॉचमन पहिल्या दिवशी म्हणाला, "साहेब, लिफ्ट चालू आहे." त्यावर मी हसलो. पण खरी गोम तिथेच होती. मी जिन्याने वर जायचो आणि लिफ्टने खाली यायचो. गुडघे वाचतात, वेळ वाचतो, असा माझा हिशोब. रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीपर्यंत चालत जाऊन यायचो. ते रविवार छान गेले, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. (सोमवारी लेणी बंद असतात, एवढं लक्षात ठेवा.)

शनिवारी रात्री कसारा लोकल पकडली. डबा सॅकवाल्यांनीच भरलेला, निम्म्यांना झोप हवी आणि निम्म्यांना अंताक्षरी. कसाऱ्याहून जीपने इगतपुरी, घोटी आणि मग भंडारदऱ्याच्या रस्त्याने बारी. हे अकोले तालुक्यातलं पायथ्याचं गाव. अडीच वाजता पोचलो, एका घरी पोहे-चहा झाला आणि सव्वातीनला टॉर्च लावून निघालो.

रात्री चढायचं कारण सूर्योदय. माझं स्पष्ट मत सांगतो: वजन कमी करायला म्हणून पहिल्यांदा मोठा डोंगर चढणाऱ्याने नाइट ट्रेकच्या वाटेला जाऊ नये. रात्रभर झोप नाही, चढताना टॉर्चच्या उजेडात पुढच्याच्या टाचांपलीकडे काही दिसत नाही, आणि उतरायची वेळ येते ती साडेआठ-नऊला, ऑक्टोबरच्या उन्हात, ज्या वेळी अंगात काहीच शिल्लक नसतं. नेमका अवघड भाग नेमक्या वाईट वेळी पदरात पडतो. शिवाय रविवारी पहाटे बसच्या बस भरून ग्रुप येतात. एका शिडीखाली आम्ही पाऊण तास उभे होतो. वर कुणीतरी मधल्या पायरीवर थांबून फोटो काढत होतं आणि खालून शंभर जण त्याच्या नावाने खडे फोडत होते. घामाने भिजलेलं अंग त्या वाऱ्यात असं गारठलं की पुढे पाय उचलेनात.

शिड्यांना मात्र घाबरू नका. लोखंडी आहेत, धरायला कठडे आहेत. दोन हात, दोन पाय, नजर समोरच्या पायरीवर, आणि मागच्याला आपल्या पायाखाली येऊ देऊ नका. बस. शिड्यांच्या मधल्या दगडी पायऱ्या जास्त त्रास देतात, कारण एकही पायरी दुसरीसारखी नाही. एक वीतभर, पुढची गुडघ्याएवढी. तरी चढण मला झेपली. दम लागला, थांबलो, पुन्हा निघालो. बारा आठवड्यांचे जिने वसूल झाले. माझ्या घड्याळाने पायथ्यापासून शिखरापर्यंत ८५० मीटरच्या आसपास चढण मोजली. एक मजला तीन मीटरचा धरला तर आमच्या बिल्डिंगच्या वीस फेऱ्या. मी रोज सहा करत होतो. म्हणजे आकडा कमी असला तरी फार लाज वाटण्यासारखा नव्हता.

सातच्या सुमाराला शिखर. १६४६ मीटर, छोटंसं देऊळ, समोर अलंग-मदन-कुलंगची रांग, खाली भंडारदऱ्याचं पाणी. आम्ही शिडीच्या रांगेत असतानाच सूर्य उगवून गेला होता. देवीची गोष्ट सांगतात की कळसू नावाची मुलगी एका पाटलाच्या घरी कामाला राहिली ती भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही या अटीवर. एके दिवशी तेच काम सांगितलं तशी ती उठून डोंगरावर निघून गेली ती कायमची. मला ती एकदम आवडली. उतरण्याचा प्रश्न तिने मुळात ठेवलाच नाही.

आता तो उतार.

शिड्या संपेपर्यंत ठीक होतं. त्यांच्या खाली, दगडी पायऱ्या आणि घसारा आलटून पालटून सुरू झाला तिथे माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. दुखत नव्हत्या, नुसत्या थरथरत होत्या. मोबाईल व्हायब्रेटवर असावा तशा. पाय खाली टाकला की गुडघा आपोआप दुमडायचा आणि मी बसायचो. वाटेवर सुकलेली लाल माती आणि तिच्यावर सुटे बारीक खडे. दोनदा बसलो, तिसऱ्यांदा घसरलो आणि तळहात सोलून निघाला. ज्या वाटेला चढताना तास लागला होता तिथे उतरताना दोन तास. दर वळणावर कुणाला तरी विचारायचो, अजून किती? सगळ्यांचं उत्तर एकच, "दहा मिनिटं." वर जाणारे, खाली येणारे, ताकवाले, सगळे दहा मिनिटं. सह्याद्रीत अंतराचं हे एकच माप चालतं, तेव्हा विचारूच नका.

अशा अवस्थेत मी एका दगडावर बसलो असताना वरून एक मावशी आल्या. डोक्यावर रिकामा हंडा, हातात लिंबांची पिशवी, पायात साधी रबरी चप्पल. सरबत विकून परत चालल्या होत्या. माझ्याकडे बघून थांबल्या.

"दादा, पाय सरळ कशाला टाकता? आडवा टाका."

म्हणजे काय ते त्यांनी करून दाखवलं. उताराला कूस द्यायची, पाऊल आडवं ठेवायचं, गुडघा थोडा वाकलेला, लहान लहान पावलं, आणि दहा-वीस पावलांनी कूस बदलायची. मी टाच रोवून, पाय ताठ करून, मागे रेलून उतरत होतो. म्हणजे प्रत्येक पावलाला अख्खं वजन गुडघ्यावर आणि बूट घसरायला मोकळा. "आणि काठी घ्या की, खाली मिळते," असं म्हणून त्या निघूनही गेल्या. पुढच्या वळणावर दिसेनाशा झाल्या. मी तोवर उठलोही नव्हतो. काठी खाली वीस रुपयाला मिळत होती. पहाटे एक पोरगा मागे लागला होता, तेव्हा मी ऐटीत नको म्हटलं होतं.

हे का झालं ते घरी आल्यावर वाचून काढलं. चढताना मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावत असतो, दर पावलाला. दम लागत नाही म्हणून सोपं वाटतं, पण स्नायूंचे तंतू दुखावतात ते या ब्रेकने. ती दुखी लगेच कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचते. गंमत म्हणजे यावर उपाय अगदी स्वस्त आहे. आठ-दहा दिवस आधी एकदा-दोनदा नीट उतरण्याचा व्यायाम झालेला असेल तर पुढच्या वेळी तेच स्नायू खूप कमी दुखतात. आणि मी बारा आठवडे लिफ्टने खाली येत होतो! तेव्हा माझं ऐका, जिने चढा आणि जिन्यानेच उतरा. पहिल्या आठवड्यात दोनच फेऱ्या उतरा, मांड्या बोलतील, बोलू द्या, मग वाढवा. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, माझ्यासारखा स्वतःचा हिशोब करत बसू नका.

दुसरी चूक अंगठ्याची. नखं कापली नव्हती आणि लेस चढतानाच बांधलेली तशीच होती. उतारावर पाऊल बुटात पुढे सरकतं आणि प्रत्येक पावलाला अंगठा टोकावर आपटतो. खाली येईपर्यंत दोन्ही अंगठ्यांची नखं जांभळी. उतरायला सुरुवात करण्याआधी बसा, लेस सोडा, टाच मागे दाबा आणि घोट्यापाशी पुन्हा घट्ट आवळा. दोन मिनिटांचं काम. मी ते केलं नाही, कारण वर फोटो काढायचे होते.

जीपवाल्याचं प्रकरण राहिलंच. कसाऱ्याला चौघांत ३,२०० ठरले होते, जाऊन-येऊन. आम्ही दुपारी एकला खाली, धड उभंही राहता येत नाही, आणि तो म्हणतो ४,५००. "वेटिंग झालं ना साहेब, तुम्ही दहाला येतो म्हणालात." आम्ही दहा म्हणालो होतो हे खरं. उतरणीनेच आमचा घात केला तर तो तरी काय करणार, असं आत्ता वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं. अर्धा तास हुज्जत घालून ४,००० दिले. पायात त्राण नसलेल्या माणसाने भाव करू नये. त्यामुळे निघतानाच तीन गोष्टी बोलून घ्या आणि मोबाईलवर लिहून त्याला दाखवा: भाडं गाडीचं की माणशी, जाऊन-येऊन की एकाच बाजूचं, आणि थांबण्याचे पैसे धरून की वेगळे. परतायची वेळ सांगाल ती तुमच्या अंदाजापेक्षा तीन तास पुढची सांगा. वेळ असेल तर घोटीपर्यंत येऊन तिथून एसटी बघावी हे बरं. आम्हाला तेवढंही चालायचं नव्हतं.

घोटीला मिसळ खाल्ली. दोन प्लेट, वर जिलबी. घड्याळ म्हणत होतं २,३०० कॅलरी जळल्या, त्यातल्या निम्म्या मी त्या टेबलावर परत भरल्या. हाही हिशोब करून ठेवा: एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. घड्याळाचा आकडा खरा धरला आणि वर काही खाल्लं नाही तरी एका कळसूबाईत जेमतेम तीनशे ग्रॅम. एका डोंगराने कुणी बारीक होत नाही. माझे साडेपाच किलो भांडुपच्या जिन्यात आणि रात्रीचा भात सोडल्याने गेलेत, कळसूबाईने फक्त तारीख दिली.

आणि ते सोमवारचे दीड किलो? पाणी. दुखावलेले स्नायू सुजतात आणि पाणी धरून ठेवतात. मिसळीतलं मीठही पाणी धरतं. स्नायूंमधला रिकामा झालेला साखरेचा साठा शरीर पुन्हा भरायला घेतं आणि त्या साठ्याबरोबर त्याच्या तिप्पट वजनाचं पाणी येतं. गुरुवारी काटा ८८.३ वर आला. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर सोमवारी मी डब्यातली पोळी परत आणली नसती आणि चारला ऑफिसात चक्कर येऊन बसलो नसतो. ट्रेकनंतर चार दिवस काटा पलंगाखाली सरकवून ठेवा.

दहा दिवस झाले. मांड्या ठीक आहेत. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडून सैल झालंय, बायको म्हणते पडेल. कालपासून जिन्याने उतरायला सुरुवात केली. वॉचमनने विचारलं, "साहेब, लिफ्ट बिघडली का?"