चोर्ल्याचा उतार आणि भावोजींची गाडी

बेळगावहून परतताना चोर्ला घाटाच्या माथ्यावर माझ्या इलेक्ट्रिक गाडीचा चार्ज होता ४१ टक्के, खाली केरीला पोचलो तर ४४! उतारावर मोटरच जनरेटर होते, ब्रेकमध्ये वाया जाणारी ताकद बॅटरीत परत येते, हे ठाऊक होतं. पण आकडा चढताना बघायची मजा काही औरच. (सकाळी चढताना याच घाटानं दामदुप्पट वसूल केलं होतं, ते सोडा.)

साखळीला चार्जरवर भावोजी भेटले. "माझी एका चार्जमध्ये चारशे किलोमीटर जाते." म्हटलं, विजेच्या एका युनिटला किती किलोमीटर? हिशेब केला, तर त्यांची जडशीळ गाडी साडेपाच, माझी सात. गप्प झाले.

पण चार्जिंगला मात्र त्यांनी मला धुतलं. चार्जरवर चार्जिंगचा वेग ६० किलोवॅट लिहिलाय, माझी गाडी पंचविसाच्या वर घेतच नाही. ८० टक्क्यांपर्यंत पातळभाजी-पाव निवांत झाला. मग हावरटासारखा थांबलो, तर पुढच्या दहा टक्क्यांना वीस मिनिटं! बॅटरी भरत आली की गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते. भावोजी हॉर्न वाजवत कधीच गेले. मी दुसरा चहा मागवला.