तेरावा महिना

दुधाचे खाडे आमच्याकडे अजून भिंतीवरच्या कॅलेंडरवरच मांडतात. महिनाअखेरीला ती फुल्यांची रांग मोजताना दरवेळी अडतं, हा महिना तिसाचा की एकतिसाचा? मग मुठी वळून बोटांची हाडं मोजायची. नोकरी सॉफ्टवेअरची आणि हिशेब मुठीवर!

हे सरळ करू पाहणारा एक माणूस होऊन गेलाय. मोझेस कॉट्सवर्थ, इंग्रज, रेल्वेत हिशेबाचं काम करणारा. त्यानं वर्षाचे १३ महिने केले, प्रत्येक २८ दिवसांचा. जून आणि जुलैच्या मध्ये ‘सोल’ नावाचा नवा महिना घुसवला. दर महिन्याची एक तारीख रविवारी. एकच पान छापा, जन्मभर पुरवा. कोडॅक कंपनीनं १९२८ ते १९८९ आपला कारभार या कॅलेंडरवर चालवला.

नौपाड्यातल्या घरी एका दुपारी मी आपली तारीख या कॅलेंडरात बदलणारा प्रोग्रॅम पायथॉन या संगणकभाषेत लिहायला घेतला. वर्षातला कितवा दिवस ते घ्यायचं, एक वजा करायचा, २८ नं भागायचं. भागाकारावरून महिना, बाकीवरून तारीख. दहा ओळींत काम झालं. तपासायला ठाणेकराला सुचेल तीच तारीख घातली : १६ एप्रिल १८५३, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली तो शनिवार. उत्तर आलं, २२ एप्रिल, रविवार. म्हणजे पहिली गाडीच मेगाब्लॉकच्या दिवशी!

मग ३१ डिसेंबर घातला. ‘महिना १४, तारीख १.’ चूक माझीच, तेरा अठ्ठावीसं ३६४. उरलेला दिवस कॉट्सवर्थनं डिसेंबरच्या शेपटाला बांधला, पण त्याला वारच दिला नाही. लीप वर्षात जूनअखेर असाच आणखी एक बिनवाराचा. आता कोडमध्ये जिथे तिथे ‘वार आहे का?’ विचारणं आलं. दहाच्या चाळीस ओळी झाल्या. अशा कॅलेंडरांना धर्मगुरूंनी विरोध केला तो याच दिवसावरून, सात वारांची साखळी तुटते म्हणून. वाचताना मला ते हट्टी वाटले होते. चाळिसाव्या ओळीला पटले.

शिवाय १ मे आणि १५ ऑगस्ट कायमचे रविवारी. दोन सुट्ट्या गेल्याच. ऑफिसात हे सांगायची माझी छाती नाही.

आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “तेरावा महिना आपल्याकडे आहेच की.” खरंय. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याच्या मागे दरसाल अकराएक दिवस पडणारं. ती थकबाकी साठली की अधिक मास. “तो तीन वर्षांनी येतो म्हणून बरं. तुझा दरवर्षी येणार, म्हणजे जावयाला दरवर्षी तेहेतीस अनारसे? करणार कोण?”

मावशी भांडी घासता घासता ऐकत होत्या. नळ बंद करून म्हणाल्या, “दादा, तेरा महिने म्हणजे पगार पण तेरा वेळा ना?”

मी मनात बारानं गुणून तेरानं भागत होतो.

“आणि तो वार नसलेला दिवस,” त्यांनी हात पुसत विचारलं, “मी नाही आले, तर खाडा धरणार का?”