जिनिंगमधली फोर्कलिफ्ट आणि ईएसआयची पावती

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये फोर्कलिफ्टने, म्हणजे गाठी उचलून नेणाऱ्या गाडीने, जखमी झालेल्या हमालाचा भरपाईचा दावा मी चालवत होतो. मालकाचा लेखी जबाब आला तो जेमतेम अर्ध्या पानाचा, सोबत हमालाच्या ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नोंदणीची प्रत. म्हणणं एवढंच की हा विमाधारक आहे, ईएसआय कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे त्याला मालकाकडून भरपाई मागता येत नाही, दावा फेटाळावा. नोंदणीची तारीख अपघाताच्या दुसऱ्या दिवसाची होती.

अशा वेळी तारखेवर तुटून पडायचा मोह होतो. त्याचा फायदा नाही. कारखाना ईएसआयखाली येत असेल, तर नोंदणी उशिरा झाली म्हणून कामगार त्या कायद्याबाहेर जात नाही. त्याला लाभ ईएसआय महामंडळ देतं आणि मालकाकडून वसुली करतं. पाहायचं ते हे, की कारखाना मुळात त्यात येतो का. हंगामी कारखान्यांना तो कायदा लागू नाही, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत कापसाचं जिनिंग आणि प्रेसिंग नाव घेऊन लिहिलेलं आहे. अट अशी की तिथे तेवढंच काम चालायला हवं. त्याच कारखान्यात सरकीचं तेल निघत असतं तर आमची पंचाईत होती. कारखान्याचा परवाना आणि वीजबिलं मागवून घेतली. तेलाचं काम नव्हतं. आक्षेप तिथेच पडला आणि दावा १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली पुढे सरकला.

अपघात साधाच. एक गाठ साधारण १७० किलोची. ड्रायव्हरने एकावर एक गाठी घेतल्या, समोरचं दिसेना, तरी गाडी पुढेच चालवली. अशा वेळी ती उलटी न्यायची असते. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांवर वळते, त्यामुळे वळताना तिचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. थप्पीला लागून उभ्या असलेल्या हमालाच्या डाव्या पायावरून मागचं चाक गेलं. पाचही बोटं मुळापासून काढावी लागली.

दवाखान्यात सोबत मुनीम गेला होता. केसपेपरवर इजेचं कारण त्याने सांगितलं: 'गाठ पायावर पडली.' या एका ओळीने उलटतपासणीत आमचा घाम काढला. सोबतच्या हमालाची साक्ष आणि पोलिसांकडचा जबाब होता म्हणून निभावलं. कारण नीट लिहून घ्यायचं काम घरच्यांनी पहिल्या दिवशीच करावं, आणि सीसीटीव्हीचं चित्रण राखून ठेवण्याची लेखी नोटीसही लगेच द्यावी. जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं.

दरम्यान हमाल विचारायला आला, "साहेब, मालक चाळीस हजार देतो म्हन्ते, स्टँपवर सही पायजे. करू का?" भरपाईचा हक्क सोडल्याचा करार या १९२३ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे रद्दबातल असतो. ठोक रकमेची तडजोड करायचीच तर ती असे दावे चालवणाऱ्या भरपाई आयुक्तांकडे नोंदवावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंद नाकारू शकतात. चाळीस हजार किती अपुरे, ते हिशेबच सांगतो. मजुरीची कमाल धरायची मर्यादा १५,००० रुपये, तिचे ६० टक्के ९,०००. वय ३०, त्याचा गुणक २०७.९८. पूर्ण अपंगत्वाचे १८,७१,८२० होतात. एका पायाची सगळी बोटं जाणं अनुसूचीत २० टक्के आहे, म्हणजे ३,७४,३६४ रुपये. वर अपघातापासून १२ टक्के सरळव्याज, आणि विनाकारण टाळाटाळ केली तर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

मग मालकाची नेहमीची दोन उत्तरं आली. एक, माणूस ठेकेदाराचा. कलम १२ प्रमाणे मालकाच्या आवारात, त्याच्याच धंद्याचं काम असेल तर मालकच जबाबदार. त्याने नंतर ठेकेदाराकडून वसूल करावं. दुसरं, सेफ्टी बूट घातले नव्हते. बूट दिल्याची सही असलेलं रजिस्टर दाखवा म्हटल्यावर ते काही निघालं नाही.

मोटार अपघात न्यायाधिकरणाचा विचारही केला होता. पण फक्त कारखान्याच्या आवारात वापरायची गाडी मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. बसत असती तरी दोन्हींपैकी एकच दार निवडावं लागतं. फौजदारी गुन्हा ड्रायव्हरवर झाला, त्याने घरात पैसा आला नाही.

मुदत दोन वर्षांची असते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. हा अपघात त्याआधीचा, म्हणून जुना कायदा चालला.

निकालानंतर मालकाने अपिलाची भाषा केली. रक्कम आयुक्तांकडे भरल्याचा दाखला जोडल्याशिवाय मालकाचं अपील दाखलच होत नाही, हे त्याच्या वकिलाने सांगितलं असावं. मुद्दल आणि व्याज मालकाच्या विमा कंपनीने भरलं. दंड विम्यात येत नाही, तो मालकाच्या खिशातून यायचा असतो, आणि त्याच्या वसुलीचा अर्ज आता चालू आहे.