कोलचेस्टरमधला चाचणी चर

डेक्कन कॉलेजात शिकताना उत्खनन म्हणजे गावाबाहेरची पांढर म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, दोरीने आखलेले चौकोन आणि हाताशी अख्खा हंगाम. इंग्लंडमध्ये कोलचेस्टरला कामाला लागले तेव्हा पायाखाली जुन्या पार्किंगचं काँक्रीट होतं, शेजारी दुकानाची भिंत आणि बिल्डरला घाई.

इथे १९९० पासूनची पद्धत अशी की, बांधकामाने जमिनीतल्या अवशेषांचं काय होईल हे परवानगीआधीच तपासायला सांगता येतं आणि खर्च विकासकाचा. त्यासाठी चाचणी चर, म्हणजे खाली काय आहे ते पाहायला लांबट अरुंद खड्डा, घेतात. तो कुठे, किती लांब, किती खोल हे आधी लेखी ठरतं. आपल्याकडे कसबा पेठेत वाडा पाडून पाया खणताना आधी असा चर घेतलेला मी तरी पाहिलेला नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

केबल तपासून काँक्रीट फोडलं, मग पोकलेनला बिनदाती रुंद बकेट लावली. दात माती उकरून टाकतात. सपाट धारेने ती पापुद्र्यासारखी निघते आणि रंग बदलला की लगेच कळतो. ऑपरेटर मुरलेला होता. मी हात वर करायच्या आत बकेट थांबायची.

अर्धा चर व्हिक्टोरियन काळातल्या तळघराने खाल्लेला, तिथे काहीच शिल्लक नव्हतं. उरलेल्या अर्ध्यात गडद मातीखाली रोमन चुन्याची जमीन लागली. हात शिवशिवत होते, पण ती फोडायची नाही. चाचणीत फक्त काय आहे आणि किती खोल आहे एवढंच बघायचं. सुदैवाने मध्ययुगात कुणीतरी त्या जमिनीतून कचऱ्याचा खड्डा खणला होता. तो थापीने रिकामा केला आणि त्याच्या कडेत खालचे थर आपोआप दिसले.

त्यात एक पट्टा लाल-केशरी होता. रोमनांविरुद्ध उठलेली ब्रिटनमधली राणी बूडिका हिच्या बंडात, इ.स. ६०-६१ च्या सुमारास, हे रोमन शहर जाळलं गेलं, त्या आगीचा थर. कुडाच्या भिंतींची माती त्या आगीत विटेसारखी भाजून निघालेली. एका ढेकळावर फोकांचे ठसे होते, बोट बरोबर बसेल इतके स्पष्ट. मी तिथे बराच वेळ बसून राहिले.

मग प्रत्येक थराला क्रमांक, प्रत्येकाचा वेगळा तक्ता, १:१० प्रमाणात छेदाचं रेखाटन, फोटो. सगळ्यात जपून घेतली ती समुद्रसपाटीपासूनची उंची, कारण इंजिनिअरला तीच हवी असते. अवशेष कुठल्या पातळीला सुरू होतात हे कळल्याशिवाय पाया ठरत नाही.

अहवालानंतरच्या बैठकीत नकाशा पसरला. लिफ्टचा खड्डा नेमका रोमन जमिनीवर येत होता. इंजिनिअरने तो उचलून तळघराच्या बाजूला टाकला, पाया उथळ केला. ज्या दोन ठिकाणी खोल जाणं टळतच नव्हतं, तिथे आधी पूर्ण उत्खनन करायचं ठरलं.