फोनला दिसलेली डावणी

ऑगस्टचा शेवटचा आठवडा. तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागेत सकाळी साडेनऊला आमचं अ‍ॅप पहिल्यांदाच शेतकऱ्यांसमोर सुरू झालं, आणि पावणेदहापर्यंत त्याचं हसं झालं होतं.

मी मुळात रसायनशास्त्राची. प्रकल्पात माझ्याबरोबर संगणकशास्त्रातला एक तरुण सहकारी आणि वनस्पती रोगशास्त्राच्या एक मॅडम. अशी तिघांची मोट बांधली की त्याला आंतरविद्याशाखीय संशोधन म्हणतात. प्रत्यक्षात प्रत्येकाला वाटत असतं की आपल्याकडून राहिलेलं दुसऱ्या दोघांनी पाहिलं असेल. मॅडम त्या दिवशी नेमक्या परीक्षेच्या कामात अडकल्या होत्या, म्हणून बागेत आम्ही दोघंच.

अ‍ॅपचं काम सांगायला सोपं. द्राक्षाच्या पानाचा फोटो काढायचा, फोन सांगणार: डावणी, भुरी, करपा यांपैकी कुठला रोग, की निरोगी. आत एक छोटं न्यूरल नेटवर्क, म्हणजे नावं लावलेले फोटो पाहून शिकणारं संगणकी मॉडेल. फोटो २२४ बाय २२४ पिक्सेलचा करून त्याला द्यायचा आणि उत्तर घ्यायचं. प्रयोगशाळेत ते शंभरातली अठ्ठ्याण्णव पानं बरोबर ओळखत होतं. एका परिषदेला शोधनिबंधाचा सारांशही पाठवून झाला होता. थोडक्यात, आम्ही हवेत होतो.

बाग सत्तरीच्या एका बागायतदारांची. गावात सगळे त्यांना आबा म्हणतात, म्हणून आम्हीही आबाच म्हणत होतो. मांडवाखाली पंधरा-वीस माणसं जमली. सहकाऱ्याने पहिल्याच ओळीतल्या पानावर फोन धरला. उत्तर आलं: डावणी, ९७ टक्के.

आबांनी काही न बोलता ते पान उलटं केलं, डोळ्यांजवळ नेलं, परत सोडलं. "खाली काय न्हाई, मॅडम."

डावणीची खरी खूण पानाच्या खालच्या बाजूला असते. वरून तेलाचा डाग पडावा तसा पिवळसर ठिपका दिसतो आणि त्याच जागी खालून कापसासारखी पांढरी बुरशी. इथे खालून पान स्वच्छ होतं. दुसरं पान: डावणी, ९५. तिसरं: डावणी, ९९. आबा प्रत्येक पान उलटत गेले आणि मान हलवत गेले. मागून कोणीतरी म्हणालं, "फोनलाच लागलीया वाटतं डावणी." सगळे हसले. आम्हीही हसलो, पण माझे कान गरम झाले होते.

पुढे गंमत अशी झाली की बागेच्या टोकाच्या चार ओळींत फोन एकदम बदलला. निरोगी, निरोगी, निरोगी. सहकाऱ्याचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात आबा शेवटच्या ओळीत वाकले आणि एक पान खुडून आणलं. वर दोन तेलकट डाग, खालून पांढरी लव. शेंबड्या पोरानेही ओळखली असती अशी डावणी. फोन म्हणाला: निरोगी, ९१ टक्के.

आता कोणी हसलं नाही.

"ह्या चार ओळी राहिल्याती," आबा म्हणाले. "परवा ब्लोअर मधीच बंद पडला. तिकडं सगळीकडं बोर्डो मारलाय, हितं न्हाई."

मी पुन्हा पहिल्या ओळीत गेले आणि पहिल्यांदा पान नीट पाहिलं. पानभर निळसर पांढरे ठिपके, कडेच्या दात्यांपाशी थेंब ओघळून सुकलेला चुना. फवारणीचा ब्लोअर जिथे बंद पडला होता तिथपर्यंत डावणी, तिथून पुढे निरोगी. आमचा फोन आबांच्या फवारणीची हद्द इतकी अचूक दाखवत होता की मोजणीदाराने शाबासकी दिली असती.

लाज वाटण्याचं कारण वेगळंच होतं. डावणीवर फवारतात ते बोर्डो मिश्रण हे माझं क्षेत्र. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, त्यात चुना. आम्लधर्मी द्रावणाची आम्लता चुन्याने मारायची, नाहीतर तांब्याने पानं करपतात. हे मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहिते. आणि तोच निळा चुना हजारो फोटोंत माझ्या डोळ्यांसमोरून गेला होता. फोटोंना रोगाची नावं लावायचं काम माझ्याच देखरेखीखाली झालं होतं. मला तो दिसला नाही, कारण मी रोग शोधत होते.

सहकारी म्हणाला, ही नुसती शंका आहे, सिद्ध करायला हवी. खरं होतं ते. पानाचं वय, ऊन, सावली, दुसरं काहीही असू शकत होतं. आबांनी मात्र वादात न पडता प्लास्टिकच्या दोन बादल्या मागवल्या. "करून बघू की. हाय काय त्यात."

एक टक्क्याचा बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना. आम्हाला १० लिटर पुरे होतं, म्हणून १०० ग्रॅम आणि १०० ग्रॅम. एका बादलीत मोरचूद विरघळवलं, दुसरीत चुना विझवून गाळून घेतला, आणि आबांच्या सुनेने निळं पाणी चुन्याच्या दुधाळ पाण्यात धार धरून ओतलं, काठीने ढवळत. लोखंडी भांडं चालत नाही, कारण लोखंड तांब्याला द्रावणाबाहेर ओढतं आणि स्वतः विरघळतं. याच गोष्टीवर शेतकऱ्यांची चाचणी उभी आहे. आबांनी घासलेला विळा मिश्रणात बुडवला, थोडा वेळ धरला, बाहेर काढून उन्हात फिरवला. पातं कोरं होतं. तांबूस झाक आली असती तर चुना कमी पडला असं समजायचं. मी पिशवीतून लिटमसच्या पट्ट्या काढल्या होत्या, त्या तशाच परत ठेवल्या.

न फवारलेल्या ओळींतली वीस निरोगी पानं दोरा बांधून खूण केली. फोनने वीसही निरोगी सांगितली. मग दहांवर हातपंपाने बोर्डो मारला, दहांवर नुसतं पाणी. सुकायला तासभर लागला. तोवर भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा झाला.

जेवणानंतर बघितलं. पाणी मारलेली दहाही निरोगी. बोर्डो मारलेल्या दहांपैकी नऊ डावणी. ज्या पानांना दोन तासांपूर्वी फोनने निरोगी म्हटलं होतं, तीच पानं, त्याच वेलीवर.

उलटी बाजू तपासायची राहिली होती. फवारलेल्या भागात आबांनी शोधून शोधून डावणीची चार पानं आणली. चौघांनाही फोनने डावणी म्हटलं, म्हणजे उत्तर बरोबर. मग मी लिंबाच्या पाण्यात कापड बुडवून ती पानं हळूच पुसली. बोर्डोचा साका आम्लात विरघळतो, तेलकट डाग थोडाच विरघळणार? डाग जागच्या जागी राहिले, निळसर चुना गेला. फोन: निरोगी, निरोगी, निरोगी, डावणी ५४.

(पुसलेलं ते पाणी मी बाटलीत भरून आणलं. दुसऱ्या दिवशी आटवून त्यात अमोनिया टाकला, तर गर्द निळा रंग आला, म्हणजे तांबं होतंच. गरज नव्हती, पण रसायनवाल्यांना रंग पाहिल्याशिवाय झोप लागत नाही.)

सहकाऱ्याने शेडमध्ये लॅपटॉप उघडला. निर्णय देताना मॉडेलने फोटोतला कुठला भाग धरला हे रंगांत दाखवणारी ग्रॅड-कॅम नावाची पद्धत आहे. ती त्याने याआधी का चालवली नव्हती, हे मी विचारलं नाही. मीही त्याला कधी चालव म्हटलं नव्हतं. पडद्यावर पान आलं. लालभडक भाग पानाच्या कडांवर, चुना साचलेल्या दात्यांवर. मधला खरा डाग थंड निळा.

असं का झालं ते परतीच्या गाडीत उलगडलं. निरोगी पानांचे फोटो आम्ही जूनमध्ये काढले होते. खरड छाटणीनंतरची कोवळी पानं, पाऊस नाही, फवारणीही नाही. रोगट पानांचे फोटो ऑगस्ट-सप्टेंबरमधले. तोवर पाऊस पडलेला, आणि डावणी दिसली की कोणता शेतकरी हात बांधून बसतो? रोग होता तिथे बोर्डो होता. मॉडेलने त्यातली सोपी खूण उचलली. वर, एकाच पानाचे पाच-पाच फोटो काढून ते शिकवणीत आणि परीक्षेत आम्ही सरमिसळ वाटले होते. त्या अठ्ठ्याण्णवांतले किती गुण निव्वळ ओळखीच्या पानांचे होते, देव जाणे.

सहकाऱ्याने गाडीतच प्लँटव्हिलेजचा विषय काढला. पानांच्या ५४,३०६ फोटोंचा हा संच जगभर वापरला जातो. २०१६ मध्ये त्यावर ९९.३५ टक्के अचूकतेचा निबंध आला, पण त्याच निबंधात लिहिलं होतं की वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर हा आकडा ३१ टक्क्यांच्या आसपास घसरतो. पुढे एकाने त्या फोटोंच्या पार्श्वभूमीतले फक्त ८ पिक्सेल घेतले, पानाला हातच लावला नाही, तरी ४९ टक्के उत्तरं बरोबर आली. हे दोन्ही निबंध आम्ही वाचले होते, संदर्भसूचीत घातलेही होते.

मला मात्र राहून राहून फ्रेंच प्राध्यापक मिलार्दे आठवत होता. १८७८ च्या सुमारास अमेरिकेतून फ्रान्समध्ये डावणी आली आणि मळेच्या मळे झडू लागले. मेदोक भागातले मळेवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. रोगासाठी नव्हे, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी विष समजून द्राक्षं चोरू नयेत म्हणून. १८८२ मध्ये बोर्दोच्या या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की रस्त्याकडेचीच पानं शाबूत आहेत. १८८५ मध्ये त्याने हेच बोर्डो मिश्रण जाहीर केलं. त्याला निळ्या पानांवर रोग दिसला नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर आमच्या मॉडेलला निळ्या पानांवरच रोग दिसला.

परिषदेचा सारांश दुसऱ्याच दिवशी मागे घेतला. मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "पानाच्या खालच्या बाजूचे फोटो घ्या असं मी पहिल्या बैठकीत म्हटलं होतं." म्हटलं होतं खरं. खालून फोटो काढायला वेळ जास्त लागतो म्हणून आम्ही तो मुद्दा पुढे ढकलला होता.

त्यानंतरचं वर्ष फोटो पुन्हा काढण्यात गेलं. एकाच वेलीवरची फवारलेली आणि न फवारलेली पानं, वरून आणि खालून दोन्ही, आणि परीक्षेला अशाच बागा ज्या शिकवणीत एकदाही आल्या नाहीत. अचूकता शंभरात त्र्याहत्तरवर आली. त्र्याहत्तरला परिषदेत टाळ्या पडत नाहीत. अ‍ॅपमध्ये एक नवं उत्तरही घातलं: "सांगता येत नाही". त्यावर आमच्यात बराच वाद झाला. सहकाऱ्याचं म्हणणं, असं उत्तर देणारं अ‍ॅप कोण ठेवणार?

पुढच्या ऑक्टोबरात, छाटणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी, पहाटे सहाला आबांचा फोटो आला. कोवळं पान, खालून, दव तसंच. मी अ‍ॅपमध्ये घातला. सांगता येत नाही. काय कळवावं याचा विचार करत होते, तोवर त्यांचाच फोन.

"काय म्हणतोय तुमचा?"

"सांगता येत नाही म्हणतोय, आबा."

"आता कसं शहाण्यावानी बोलाय लागलाय," ते म्हणाले. "डावणीच हाय. ब्लोअर जोडलाय, चाललोय. त्याला कळवा."